एकोणीस अंशांचं झबलं

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं रिकामी असतात, असा घरातल्या मोठ्यांचा ठाम समज होता. भिंगरीच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली यादी त्या समजातूनच जन्मली होती. पहिली ओळ आत्याच्या अक्षरात होती: ताईच्या बाळाची टोपी, मोजे, हातमोजे. दुसरी आईच्या अक्षरात: शेजारच्या काकांचं बिनबाह्यांचं स्वेटर. तिसरीही आईचीच: प्रयोगशाळेतल्या मॅडमचा स्कार्फ, जांभळा, घाई नाही. ‘घाई नाही’च्या खाली मात्र दोन रेघा मारलेल्या होत्या. चौथी ओळ बाबांनी भीत भीत लिहिली होती. दुकानातल्या जुन्या टोल्याच्या घड्याळाला धुळीपासून वाचवायला एक टोपडं, जमलं तर.

सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरात, भिंगरीनं स्वतः लिहिलं होतं: माझं. तीन लड्या. ३१ तारीख, संध्याकाळी पाच.

ही शेवटची ओळ घरात कुणी वाचली असेल, असं तिला पुढेही कधी वाटलं नाही.

भिंगरी हे नाव आत्यानं पाडलेलं. लहानपणी ही मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून. आता ती सोळा वर्षांची होती, तासन्‌तास एका जागी असे आणि फिरत असे ती तिच्या हाताखाली लोंबणारी टकळी. पण एकदा पडलेलं नाव काही उचलता येत नाही.

विणायलाही तिला आत्यानंच शिकवलं होतं, सातव्या वर्षी. आत्या वरच्या मजल्यावर राहायची आणि खालच्या घराची एक किल्ली तिच्या पदराच्या टोकाला कायम बांधलेली असायची. ‘हात मोकळा ठेवायचा नाही,’ हा तिचा पहिला धडा. दुसरा धडा, ‘उरलेलं टाकायचं नाही.’ भिंगरीनं दोन्ही धडे गिरवले. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या मनात आलं की आपण विणतो तो धागा मुळात होतो कसा, आणि तिथून ती कातायला लागली. आत्याला ते मुळीच रुचलं नाही.

“बाजारात सरळसोट गुंडे मिळतात, सतरा रंगांत,” आत्या म्हणायची. “आणि ही बसते मेंढीच्या मागे लागून. उद्या म्हणशील मेंढीही मीच जन्माला घालते.”

तीन लड्यांची भानगड अशी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लांबट खोलीत आठ माग आणि चार चरखे चालत. ती जागा चालवणाऱ्या बाईंना सगळे मागवाल्या बाई म्हणत. त्या दर वर्षी एकाच मुलाला किंवा मुलीला हाताखाली घेत, दोन वर्षांसाठी. त्यासाठी परीक्षा एकच. इच्छुकांना एकाच पोत्यातली धुतलेली लोकर मोजून तीनशे ग्रॅम द्यायच्या आणि त्यांनी महिन्याभरात तीन लड्या आणायच्या. सूत दोनपदरी हवं, सारखं हवं, आणि प्रत्येक लडी निदान ऐंशी ग्रॅम भरली पाहिजे.

“लोकर संपली तर संपली,” बाईंनी पाचही जणांना सांगितलं होतं. “दुसरी मिळणार नाही. मला लोकर बघायची नाही, हात बघायचाय.”

भिंगरीला त्या खोलीत जायचं होतं. खिडकीजवळचा चरखा तिनं पहिल्याच दिवशी हेरून ठेवला होता. दुसरं काही तिला या सुट्टीत नको होतं, आणि बाकी सगळं तिच्या वाट्याला आलं होतं.

ती पहाटे उठून कातायची, कारण आठनंतर दिवस तिचा नसायचा. दहापर्यंत टोपी. दुपारी स्वेटर, कारण शेजारचे काका जिन्यात भेटले की “झालं का गं?” म्हणायचे, भर मे महिन्यात, घाम पुसत. स्कार्फ बसमध्ये. टोपडं कधीच नाही. त्यात ताईच्या सासरहून निरोप आला की टोपीला फूल हवं, आणि मोजे पांढरे नकोत, पिवळे हवेत. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

तरी तिनं दोन लड्या पुऱ्या केल्या. एक त्र्याऐंशी ग्रॅम भरली, दुसरी ब्याऐंशी. बाबा घड्याळं दुरुस्त करत, त्यांच्या दुकानातला वजनाचा नाजूक काटा तिनं महिन्याभरासाठी मागून आणला होता. रोजचं सूत ती पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळायची आणि एका इंचात किती वेढे बसतात ते वहीत लिहायची. बावीस. बावीस. एकवीस, आणि त्यापुढे कंसात ‘शेजारचे काका बोलत होते.’ पुन्हा बावीस.

तिसऱ्या लडीचं एकपदरी सूत कातून झालं, तेव्हा महिन्याचे अकरा दिवस बाकी होते. चार कागदी पुंगळ्यांवर मिळून चौऱ्याऐंशी ग्रॅम. बाकीची पन्नासेक ग्रॅम लोकर निवडण्या-पिंजण्यात कचरा म्हणून गेली होती. एकपदरी सुतात पीळ एकाच बाजूचा असतो आणि तो धाग्याला सतत त्या बाजूला ओढत राहतो. दोन धागे एकत्र घेऊन उलटा पीळ दिला की ही ओढ फिटते. पण ताज्या सुताला आधी एक-दोन दिवस पडून राहू द्यावं लागतं. एक-दोन दिवसांचे चार झाले, कारण पिवळे मोजे मध्ये आले. मग मावशीचं घर बदलायचं निघालं, आणि “तुला काय, सुट्टीच आहे,” म्हणून आईनं तिला तीन दिवस खोकी भरायला धाडलं.

जाण्यापूर्वी तिनं चारही पुंगळ्या एका टोपलीत उभ्या ठेवल्या आणि वर चिठ्ठी लावली. विश्रांती. हात लावू नये.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी ती परतली. टोपली जागेवर होती, चिठ्ठीही होती. चारही पुंगळ्या शिस्तीत उभ्या होत्या, फक्त त्यांच्यावर काही नव्हतं.

ती पुंगळी हातात धरून उभी असतानाच किल्ली फिरली आणि आत्या आत आली.

“आलीस? बरं झालं. अगं, तुझं ते सूत वाकडं निघालं.”

“कोणतं सूत?”

“तेच, टोपलीतलं. ताईच्या सासूबाई बाळाला बघायला यायच्या होत्या. माझ्या हातात काही नाही, तुझी टोपी तयार, पण नुसत्या टोपीनं काय होतंय? म्हटलं हे पडूनच आहे, तर एक झबलं करून टाकू. दोन दिवसांत केलं. काय सुरेख दिसत होतं! आणि धुतलं तर हे असं पिळवटलं.” आत्यानं दोन्ही हातांनी हवेत फडकं पिळून दाखवलं. “बाजूची रेघ पोटावर आली गं. सासूबाई हसल्या. मग मला सांगावं लागलं, आमची भाची कातते, शिकतेय अजून.”

भिंगरीनं रिकामी पुंगळी तिच्यापुढे धरली.

“चिठ्ठी होती,” ती म्हणाली.

“वाचली की. विश्रांती!” आत्या हसली. “लोकरीला विश्रांती! मला नाही बाई कधी कुणी दिली.”

“हात लावू नये, असंही होतं.”

“ते मला वाटलं बाबांसाठी.”

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूत घेतलं हे एक. पण ते वाकडं म्हणून पाहुण्यांपुढे तिला शिकाऊ ठरवलं, हे त्याहून वाईट. जिना दणाणून जाईल इतकं तिला बोलायचं होतं, पण त्यातला एकही शब्द वेळेवर आला नाही. कमी बोलणाऱ्या माणसांचं हे नेहमीचं दुखणं असतं. आत्या “जेवायला वर ये” म्हणून निघूनही गेली.

आई प्रयोगशाळेतून आली ती रक्ताच्या नमुन्यांचे दोनशे अहवाल डोक्यात घेऊन.

“अगं, तिनं प्रेमानं केलं,” आई चप्पल काढता काढता म्हणाली.

“प्रेमानं घेतलं की विचारायचं नसतं?”

“तसं नाही. पण आता झालं ना. चार दिवस आहेत, पुन्हा कात.”

“कशाचं? लोकर संपली, आई. तीनशे ग्रॅम होती. तुझ्याकडे कुणी रक्ताची बाटली उचलून नेली आणि म्हणालं, पडून होती, तर तू काय म्हणशील? प्रेमानं नेली?”

आई दुसरी चप्पल हातात घेऊन थांबली. “ते वेगळं.”

“का वेगळं?”

अडचणीचा प्रश्न आला की आई स्वयंपाकघरात जायची. तशी गेली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी काकांच्या स्वेटरसाठी बटणं आणायला लोकरवाल्याच्या दुकानात गेली. त्यानं गल्ल्यावरून मान वर केली आणि म्हणाला, “काय गं, तुझं सूत वाकडं म्हणे?”

म्हणजे बातमी इथवर पोचली होती. सुतावरून स्वर्ग गाठायची आत्याची ख्याती होतीच, आणि या वेळी तर सूतही आयतं मिळालं होतं. मागवाल्या बाई रंगाच्या पुड्या याच दुकानातून नेत. चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण भिंगरी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकली होती. वाक्य आता सापडलं होतं.

“बटणं द्या,” ती म्हणाली. “सरळ असतील ती.”

एकोणतीस तारखेला ती ताईकडे गेली. ताई म्हणजे आत्याची मुलगी. बाळ दोन महिन्यांचं होतं आणि पाळण्यात झोपलं होतं. ताई ओट्याला टेकून एका हातानं केस बांधत होती.

“ताई, मला ते झबलं परत हवंय. दिलेलं परत मागू नये, माहितेय मला. पण ते मी दिलेलंच नव्हतं.”

ताईनं कपाट उघडलं. “घेऊन जा गं बाई. एकदा घालून पाहिलं. तोंड दाराकडे आणि रेघ खिडकीकडे. पोर कुठे निघालंय तेच कळेना.” मग दबक्या आवाजात, “मी हसले हे आईला सांगू नकोस. मागे एकदा चार दिवस बोलत नव्हती माझ्याशी, सासूबाईंना पाणी द्यायला उशीर केला म्हणून.”

घरी आल्यावर भिंगरीनं झबलं जेवणाच्या टेबलावर सपाट अंथरलं. बाबांच्या काट्यावर ते सत्त्याहत्तर ग्रॅम भरलं. चौऱ्याऐंशीतले सात ग्रॅम कुठे गेले, हा प्रश्न वहीत लिहून तिनं पुढे कंसात ‘कात्रीत गेले असणार’ असं लिहिलं. आता ते उसवायचं, एवढंच उरलं होतं. पण उसवण्यापूर्वी तिला नुकसान मोजायचं होतं. रागाचाही आकडा हाती असलेला बरा.

आत्यानं ते बिनशिवणीचं, गोल सुईवर विणलं होतं. दोन्ही बाजूंना उलट्या टाक्यांची एकेक उभी रेघ, शोभेला. ती रेघ खालच्या काठावर काखेखाली सुरू व्हायची आणि वर जाता जाता थेट पोटावर सरकायची. भिंगरीनं कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि काठाजवळ ठेवला. एकोणीस अंश. मध्यावर ठेवला. एकोणीस. गळ्याजवळ, साडेअठरा. दुसऱ्या बाजूची रेघ पाठीवर गेली होती. तिथेही एकोणीस, एकोणीस, एकोणीस.

ती खुर्चीवर बसली.

तिनं पट्टी घेऊन रेघेला लावली. रेघ खालपासून वरपर्यंत पट्टीच्या धारेला चिकटून गेली. कुठे पोट नाही, कुठे बाक नाही. सुतातला पीळ कुठे जास्त, कुठे कमी असता, तर रेघ नागमोडी गेली असती. ही तिरपी होती, पण आखल्यासारखी सरळ तिरपी. म्हणजे पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत तिचा पीळ बदलला नव्हता. ज्या झबल्यावरून तिला शिकाऊ ठरवलं, तेच तिच्या बाजूनं साक्ष देत होतं.

उसवायचं तिनं रद्द केलं.

ही तिची चूक होती, आणि ती चूक रागानंच करवली. त्या घडीला तिला तिसऱ्या लडीपेक्षा न्याय जास्त हवा होता.

तीस तारखेला सकाळी ती मागवाल्या बाईंच्या खोलीत गेली. आठांपैकी पाच माग चालू होते आणि बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता. बाईंच्या टेबलावर आधी आलेल्या दोघांच्या लड्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. भिंगरीनं आपल्या दोन ठेवल्या आणि शेजारी झबलं ठेवलं.

“हे काय?”

“तिसरी लडी.”

“लडीला गळा नसतो,” बाई म्हणाल्या. शेजारच्या मागावरची बाई हसली.

भिंगरीनं सांगितलं. सगळं सांगितलं, टोपली, चिठ्ठी, धुणं, दुकान. इतकं लांब बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे मधेच तिचा आवाज चिरकला, आणि त्याचाही तिला राग आला. मग तिनं पट्टी काढून रेघेला लावली आणि कोनमापक बाईंच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. झबलं उजेडाकडे नेलं, दोन्ही रेघा पाहिल्या, आतली बाजू पाहिली. बराच वेळ पाहिलं.

“विणलं कुणी?”

मागांच्या आवाजात तो प्रश्न ऐकू न आल्यासारखं करता आलं असतं.

“आत्यानं.”

“नुसत्या सुतानं अशी रेघ येत नाही. विणणाऱ्याचा हात एका ओळीत ढिला, एका ओळीत घट्ट झाला, की रेघ मोडते. हे तुला माहीत होतं?”

भिंगरीला माहीत होतं. कोनमापक ठेवला तेव्हाच कळलं होतं. दोन गोष्टी सारख्या राहिल्याशिवाय तिसरी सारखी राहत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण वहीत तिनं एकच गोष्ट लिहिली होती.

“हो,” ती म्हणाली. “माहीत होतं.”

“मग दोघींचा हात चांगला. पण आत्याला मी घेत नाहीये.” बाईंनी झबल्याची नीट घडी केली आणि परत दिली. “तीन लड्या सांगितल्या होत्या. उद्या पाच वाजेपर्यंत वेळ आहे. उसव.”

“उसवलं तर पुरावा जाईल!”

“कुणासाठी ठेवायचाय? मी पाहिला. मला पुरावा नको, सूत हवंय. अजून कुणाला दाखवायचा असेल तर आज दुपारपर्यंत दाखव.” मग बाई वळता वळता म्हणाल्या, “काल आली असतीस तर एक दिवस जास्त मिळाला असता.”

परतीच्या वाटेवर भिंगरी आधी बाईंवर चिडली, मग नियमांवर, मग मावशीच्या घर बदलण्यावर, आणि शेवटी घराजवळ आल्यावर थोडीशी स्वतःवर. पण आत्याचा नंबर मात्र पहिलाच राहिला. ती आपल्या मजल्यावर थांबलीच नाही, सरळ वर गेली.

आत्या खिडकीशी बसून पिवळ्या मोज्यांना लेस लावत होती. भिंगरीनं मोजे बाजूला सरकवून तिच्या मांडीवर झबलं पसरलं आणि रेघेला पट्टी लावली.

“बघ.”

“काय बघू? पाहिलंय मी. वाकडं आहे.”

“तिरपं आहे. वाकडं नाही. पट्टी बघ.”

आत्यानं चष्म्याच्या खालून पाहिलं, वरून पाहिलं. पट्टी उचलून स्वतः लावली. मग उलटून दुसऱ्या बाजूला लावली. ती पन्नास वर्षं विणत होती. पट्टी काय सांगते ते तिला समजावून द्यावं लागलं नाही.

“म्हणजे माझा हात चुकला नव्हता,” आत्या हळूच म्हणाली. इतके दिवस तिला ही धाकधूक होती, हे भिंगरीला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

“नाही. आणि माझाही नाही.”

“मग चुकलं काय?”

“विचारायचं चुकलं. दुसरा पदर घालायचा बाकी होता, म्हणून ते ठेवलं होतं. आणि ठेवलं चार दिवस ते तुझ्या मोज्यांमुळे!” आता शब्द सापडले होते आणि थांबत नव्हते. “सगळ्यांचं करते ना मी? टोपी केली. टोपीला फूल केलं. काकांचं स्वेटर करते, त्यांना घाम येतोय तरी करते. मी तुझ्या कपाटातला एक गुंडा तरी कधी न विचारता घेतला? आणि घेतलंस ते घेतलंस, वर गावभर सांगितलंस की माझं सूत वाकडं. लोकरवाल्यानं मला दुकानात विचारलं, आत्या!”

आत्यानं पट्टी खाली ठेवली. खाली कुणीतरी सायकलची घंटी दोनदा वाजवली.

“तू ओरडतेस कधीपासून?” आत्या म्हणाली.

“आजपासून.”

“हं.” आत्यानं झबलं उलटं केलं. “दे ती कात्री. शेवट मी लपवलाय, तुला जन्मात सापडायचा नाही.”

“कात्री नको. एकही तुकडा जाता कामा नये. सात ग्रॅम आधीच गेलेत.”

“मग सुई दे. हुकूम सोडतेय!”

“आणि फोन करायचे.”

“कुणाला?”

“ज्यांना ज्यांना वाकडं म्हणून सांगितलंस त्यांना. सॉरी मला नकोय. जे खरं आहे ते त्यांना सांग.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि बहुधा ती मागे हटणार नाही हे ओळखलं. सुईच्या टोकानं तिनं गळ्याजवळचा शेवट उकलला, धागा भिंगरीच्या हातात दिला आणि मोबाईल मांडीवर ठेवला. मग झबलं एका बाजूनं तिच्या हातून सुटत गेलं, भिंगरी ते सूत गुंडाळायच्या फाळक्याच्या दोन दांड्यांभोवती वेढत गेली, आणि आत्या स्पीकरवर बोलत राहिली.

“लोकरवाले, मी बोलतेय. त्या दिवशी मी म्हणाले ना, सूत वाकडं, ते तसं नव्हतं. अर्धवट होतं, त्याला अजून एक पदर घालायचा होता, आणि मी आधीच उचललं. हो, न विचारता. हो, या वयात. हसताय काय, लोकर जोखा.”

सासूबाईंना फोन लावण्याआधी ती पाणी प्यायली. तिथे बरंच “अहो, तसं नव्हे हो” झालं, पण “मुलीचा दोष नव्हता” हे वाक्य दोनदा आलं. भिंगरीनं मोजलं.

उसवलेलं सूत शेवयांसारखं कुरळं झालं होतं. कोमट पाण्यात बुचकळून, खाली वजन बांधून, त्यांनी ते आत्याच्या गच्चीत उन्हाला टांगलं. मे महिन्याच्या उन्हाचा त्या वर्षी तेवढाच उपयोग झाला. संध्याकाळपर्यंत कुरळेपणा बराचसा उतरला.

एकतीस तारखेला सकाळी भिंगरी पीळ घालायला बसली. एक धागा उजवीकडून, एक डावीकडून, टकळी उलट्या बाजूला. आत्या त्या सुताचे दोन गुंडे दोन वाट्यांत ठेवून समोर बसली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा हात मोकळे ठेवून पाहत होती. एकपदरी धागे जिथे भेटत, तिथे ते जरा थरथरत आणि मग गप्प होत.

“ओढ गेली की,” आत्या म्हणाली.

“म्हणूनच ठेवलं होतं.”

“कळलं. किती वेळा सांगशील?”

बाराच्या सुमाराला लडी काट्यावर चढली. शहात्तर ग्रॅम. भिंगरीनं ती उचलून पुन्हा ठेवली. शहात्तर. काटे चुकत नाहीत, आणि हा तर घड्याळजीचा होता.

“चार कमी,” ती म्हणाली. तिचा आवाज या वेळी चढला नाही, उतरला. “सात ग्रॅम तू कापलेस, आत्या. ते असते तर—”

“कापले? मी?” आत्या ताडकन उठली. “लोकर टाकणारी बाई दिसते का मी तुला?”

तिनं कपाटातून बिस्किटांचा गोल डबा काढला. आत बोटभर, मुठीएवढे, सुपारीएवढे गुंडे होते, पन्नास वर्षांच्या विणकामातलं सगळं उरलेलं. तळाशी हात घालून तिनं झबल्याच्याच करड्या-पांढऱ्या सुताचा एक छोटा गुंडा वर काढला आणि काट्यावर आपटला.

सहा ग्रॅम.

“उरलेलं टाकायचं नाही. तुलाच शिकवलंय मी. एवढ्यात विसरलीस?”

भिंगरीनं वहीतलं ‘कात्रीत गेले असणार’ खोडलं.

साडेचार वाजता तिनं तिसरी लडी मागवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवली. ती पहिल्या दोन्हींपेक्षा किंचित फुगीर होती आणि तिला धुण्याचा दमट वास अजून होता. बाईंनी ती जोखली. ब्याऐंशी. मग त्यांनी अंगठा धाग्यावरून सावकाश फिरवत नेला आणि एके ठिकाणी थांबल्या.

“गाठी किती?”

“पाच. तीन आत्याच्या, दोन माझ्या. वहीत कुठे कुठे आहेत ते लिहिलंय.”

“तुझ्या का?”

“सहा ग्रॅम दुसऱ्या गुंड्यातून जोडले. आणि एकदा मी चिडले होते, तेव्हा तुटलं.”

बाईंनी वही मागितली आणि पानं उलटली. एकवीसच्या पुढचा शेजारच्या काकांचा कंस त्यांनी वाचला, तेव्हा त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. बाकी तिघांच्या लड्या टेबलावर होत्या, पाचवा फिरकलाच नव्हता. बाईंनी सगळ्या लड्यांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला, आणि तोवर पाच वाजले.

“सोमवारी ये,” त्या म्हणाल्या. “खिडकीजवळचा चरखा जरा कुरकुरतो. तेल घालून घ्यायचं.”

घरी आल्यावर जिन्यात आत्या उभी होती. धीर निघत नसावा, कारण हातात विणकामही नव्हतं.

“लागला नंबर?”

“लागला.”

“लागणारच. सूत काय वाकडं होतं का!” आत्यानं पदर सारखा केला. “बरं, आता मोकळी झालीस ना? ताईच्या सासूबाईंना मी फोनवर सांगून बसलेय की दुसरं झबलं येतंय. आता ते—”

भिंगरी दोन पायऱ्या वर चढली होती, तिथून तिनं वळून पाहिलं.

“बाजारातून गुंडा आण,” ती म्हणाली. “सतरा रंगांत मिळतात. सरळसोट.”

आत्याचं तोंड उघडलं. पण त्यावर काय म्हणावं ते तिला सुचायच्या आत भिंगरी आत गेली, कपाटाच्या दारावरची यादी काढली आणि चारही ओळींपुढे एकेक तारीख लिहिली, तिला जमेल ती. काकांच्या स्वेटरपुढे डिसेंबर.